दीड लाखांचा फरक

हर्गेसाच्या विमानतळावरून विमान उडायचं, शहराच्या कडेला असलेल्या त्या धावपट्टीपासून काही मिनिटांत हर्गेसावरच बॉम्ब टाकायचं आणि परत हर्गेसाच्याच विमानतळावर उतरायचं. बॉम्ब भरले की पुन्हा तेच. साल १९८८, जून-जुलैचे दिवस. शहर सोमालियाचं, विमानतळ सोमालियाचा, विमानंही सोमालियाच्याच हवाई दलाची. आपल्याच शहरातून उडून आपल्याच शहराची राखरांगोळी करायची आणि चहाला परत त्याच शहरात उतरायचं, असा प्रकार युद्धांच्या इतिहासात शोधूनही फारसा सापडणार नाही. अहमद मोहम्मद हसन नावाच्या एका सोमाली वैमानिकाला हे जमलं नाही. बॉम्ब टाकायला उडालेलं मिग त्याने शेजारच्या जिबूतीकडे वळवलं आणि तिथल्या किनाऱ्यावर वाळूत उतरवलं. त्याच्या जागी उडायला माणसं होती. काही परदेशी भाडोत्री वैमानिकही कामाला लावलेले होते.

या सगळ्यात किती माणसं मेली? खरी चक्रावणारी गोष्ट इथून सुरू होते.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी रॉबर्ट गेर्सोनी यांनी निर्वासितांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये अहवाल दिला. त्यातला आकडा होता किमान पाच हजार. हे सगळे नि:शस्त्र नागरिक होते, लढाई चालू नसताना सैनिकांनी ठरवून मारलेले. घरात बसल्या जागी तोफगोळ्याखाली गेलेले त्यात धरलेच नव्हते. जानेवारी १९९० मध्ये आफ्रिका वॉच या संस्थेचा अहवाल आला. त्याने सगळे मृत्यू धरून पन्नास ते साठ हजारांचा आकडा दिला. पुढचे अंदाज एक लाखावर गेले, काही दोन लाखांपर्यंत. आज कुठलाही लेख उघडा, ठरलेलं वाक्य भेटतं: पन्नास हजार ते दोन लाख.

हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे सरकतो. जरा थांबा. दोन टोकांमधलं अंतर दीड लाखांचं आहे. वानखेडे स्टेडियम गच्च भरलं की साधारण तेहेतीस हजार माणसं बसतात. म्हणजे साडेचार वानखेडे भरतील एवढी माणसं मेली की जगली, हेच नक्की सांगता येत नाही. मेलेल्यांचा सोडा, त्या आकड्यातल्या शंकेचाच आकार एका जिल्ह्याच्या गावाएवढा आहे. आणि ही कहाणी दुसऱ्या महायुद्धाची नाही. त्या वर्षी आपल्याकडे टीव्हीवर रामायण चालू होतं.

माणसं मोजायची तर मोजणारा लागतो. सोमालियात शेवटची म्हणण्यासारखी जनगणना १९७५ सालची. १९८६-८७ मध्ये पुन्हा मोजणी झाली, पण तिचे आकडे सरकारने नीट बाहेर येऊच दिले नाहीत. त्या देशात कुळाची माणसं किती, हाच राजकारणाचा गाभा होता. आकडा जाहीर करणं म्हणजे वाटा कबूल करणं. तेव्हा मुळात किती होते तेच ठाऊक नाही, तर किती उरले यावरून किती गेले ते काढायचं कसं?

आता थोडं मागे जाऊ. आफ्रिकेच्या शिंगाचा वरचा काठ, एडनच्या आखाताला लागून असलेला, तो सोमालीलँड. हर्गेसा याच मुलखातलं. क्षेत्रफळ सुमारे एक लाख शहात्तर हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या अर्ध्याहून थोडं जास्त. इंग्रजांना हा मुलूख हवा होता तो मटणासाठी. एडनच्या लष्करी छावणीला शेळ्या-मेंढ्या बर्बेरा बंदरातून जात. एडन त्या काळी मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे सोमालीलँडचा कारभारही सुरुवातीला एडनमार्गे हिंदुस्थान सरकारच पाही आणि तिथे रुपया चाले. आपल्याकडची बर्बरी शेळी याच बर्बेऱ्याच्या नावावरून ओळखली जाते, असं म्हणतात.

२६ जून १९६० रोजी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झालं. तीसहून जास्त देशांनी दखल घेतली. १ जुलैला दक्षिणेकडचा इटालियन सोमालिया स्वतंत्र झाला आणि उत्तरेने त्याच दिवशी स्वखुशीने त्याच्याशी एकी केली. उत्तरेचं स्वातंत्र्य टिकलं पाच दिवस. एक भाषा, एक धर्म, एक झेंडा. आफ्रिकेत इतका एकजिनसी देश दुसरा नाही असं तेव्हा कौतुकाने बोललं जाई. पण राजधानी मोगादिशू दक्षिणेत, सत्ता दक्षिणेत, पैसा दक्षिणेत. १९६९ च्या ऑक्टोबरात जनरल सियाद बारे यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. १९७७-७८ मध्ये त्यांनी इथिओपियाशी ओगाडेनचं युद्ध केलं आणि सपाटून मार खाल्ला. तिकडून लाखो निर्वासित आले. त्यांना उत्तरेत, इसाक कुळाच्या चराऊ रानांत वसवलं आणि पुढे त्यांच्यातल्यांनाच बंदुका देऊन इसाकांवर सोडलं. १९८१ मध्ये इसाक मंडळींनी लंडनमध्ये सोमाली नॅशनल मूव्हमेंट ही बंडखोर संघटना उभी केली.

त्याच साली हर्गेसात घडलेली एक गोष्ट मला बॉम्बफेकीइतकीच विसरता येत नाही. तिथल्या सरकारी रुग्णालयाची दैना झाली होती. काही तरुण डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक एकत्र आले आणि स्वतः झाडलोट, रंगरंगोटी, औषधांची जमवाजमव करू लागले. एक छोटं पत्रकही काढलं: ‘उफ्फो’, म्हणजे पावसाच्या आधी सुटणारा सोसाट्याचा वारा. सरकारला रुग्णालय साफ झाल्याचं नव्हे, लोक न विचारता एकत्र आल्याचं वावडं होतं. सगळ्यांना उचललं. फेब्रुवारी १९८२ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा शाळकरी पोरं रस्त्यावर उतरून दगड मारू लागली. सैन्याने गोळ्या घातल्या. डॉक्टरांना दक्षिणेतल्या लबातन जिरो तुरुंगात पाठवलं. प्रत्येकाला वेगळी कोठडी. पुस्तक नाही, पत्र नाही, एकमेकांशी बोलायची बंदी.

मोहम्मद बारूद अली हा त्यांच्यातला एक. लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. शेजारच्या कोठडीत डॉक्टर आदन अबोकोर. बोलणं बंद, पण भिंत ठोकता येते. त्यांनी ठोक्यांची मुळाक्षरं बसवली. किती ठोके म्हणजे कुठलं अक्षर, एवढंच. बारूदचं डोकं हळूहळू सुटत चाललं होतं. बायको आपल्याला सोडून गेली असेल, हा एकच विचार त्याला पोखरत होता. दोनेक वर्षांनी अबोकोरला तुरुंगाने वाचायला एक पुस्तक दिलं. त्याने जाडीवरून निवडलं, सगळ्यात जास्त दिवस पुरेल असं. टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’. आणि त्याने ते शेजाऱ्याला वाचून दाखवलं. भिंत ठोकून. पूर्ण.

जवळपास आठशे पानं. साडेतीन लाख शब्द. सुमारे पंधरा लाख अक्षरं. एका अक्षराला सरासरी तीनच ठोके धरले, तरी पंचेचाळीस लाख. पहारेकऱ्याची पावलं ऐकू आली की थांबायचं; पावलं गेली की शब्द जिथे तुटला तिथून पुढे. बारूद पुढे सांगत असे की, नवऱ्यापासून आणि मुलापासून तुटलेल्या त्या रशियन बाईचं दुःख ऐकता ऐकता आपण पहिल्यांदाच आपल्या बायकोच्या जागी उभं राहून विचार केला. ही मंडळी १९८९ मध्ये सुटली. तोपर्यंत ज्या शहराच्या रुग्णालयासाठी आत गेले ते शहर उरलं नव्हतं.

जानेवारी १९८७ मध्ये उत्तरेचे लष्करप्रमुख जनरल मोहम्मद सईद हर्सी ‘मॉर्गन’ यांनी वरिष्ठांना एक अहवाल धाडला. हे सियाद बारे यांचे जावई. इसाकांचा प्रश्न कायमचा कसा मिटवायचा, हे त्यात ओळीने लिहिलं होतं. लोकांच्या तोंडी त्याचं नाव पडलं ‘मृत्यूचं पत्र’. एप्रिल १९८८ मध्ये सियाद बारे आणि इथिओपियाचे मेंगिस्टू यांनी समझोता केला: तुझ्या बंडखोरांना मी थारा देणार नाही, माझ्यांना तू देऊ नकोस. बंडखोरांच्या पायाखालची जमीन गेली. आता नाही तर कधीच नाही, अशा हिशेबाने ते २७ मेला बुराओ शहरात आणि ३१ मेला हर्गेसात घुसले. उत्तर म्हणून तोफा आल्या, विमानं आली. हर्गेसाची नव्वद टक्क्यांपर्यंत पडझड झाली असं सांगतात, बुराओची सत्तर टक्के. बंडखोरांचे हात स्वच्छ होते असं नाही. गेर्सोनींनी त्यांच्या खात्यावरही शेकडो नागरिकांचे खून लिहिले आहेत. पण विमानं एकाच बाजूकडे होती.

नुसती घरं पाडून सैन्य थांबलं नाही. त्या कोरड्या पठारावर माणूस आणि जनावर जगतं ते ‘बर्कड’वर, म्हणजे जमिनीत खणून सिमेंटने बांधलेल्या पाण्याच्या टाक्यांवर. त्या स्फोटकांनी उडवल्या. विहिरींजवळ, घरांच्या उंबऱ्यांत, शेतांच्या बांधांवर सुरुंग पेरले. पेरलेल्या सुरुंगांचा त्या वेळचा अंदाज दहा लाखांच्या पुढे जातो. सुरुंगाला लढाई कधी संपली ते कळत नाही. सुरुंग हटवणाऱ्या संस्था शतक बदलल्यावरही तिथे काम करतच होत्या.

मोजलेली गोष्ट हवी असेल तर तीही आहे. हर्गेसा जळत असताना, जून १९८८ च्या शेवटी, बर्बेरा बंदरात अमेरिकेहून शस्त्रं उतरली: १,२०० एम-सोळा रायफली आणि २८ लाख गोळ्या. हा आकडा अंदाज नाही. अमेरिकी संसदेच्या हिशेबनिसांनी नंतर चौकशी करून तो लिहून ठेवला आहे. शीतयुद्ध चालू होतं आणि बर्बेऱ्याला रशियनांनी बांधलेली, पुढे अमेरिकनांच्या हाती आलेली चार किलोमीटरहून लांब धावपट्टी होती. इतकी लांब की नासाने अवकाशयान अडचणीत आलं तर उतरवायची जागा म्हणून ती राखून ठेवली होती. अवकाशातून परतणाऱ्या मूठभर माणसांसाठी धावपट्टी तयार. खाली जमिनीवरची माणसं उघड्यावर पळत होती.

ती पळाली इथिओपियाकडे. चालत, बहुतेक रात्री, कारण दिवसा वरून विमानं. सुमारे चार लाख माणसं सरहद्द ओलांडून गेली आणि जवळपास तेवढीच देशातच परागंदा झाली. सरहद्दीपलीकडच्या हार्टीशेख नावाच्या उजाड माळावर छावणी पडली आणि ती वाढत वाढत अडीच लाखांवर गेली. त्या काळी जगातली सगळ्यात मोठी निर्वासित छावणी तीच. गंमत अशी, खरं तर गंमत कसली, की त्या माळावर पाणीच नव्हतं. सगळं पाणी टँकरने यायचं. टँकर म्हटल्यावर मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचं समजावायची गरज नाही. तरी हिशेब मांडू. माणशी दिवसाला पंधरा लिटर हे मदतकार्यातलं किमान माप. अडीच लाख माणसं, म्हणजे रोज साडेसदतीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज पावणेचारशे खेपा. आज, उद्या, परवा. डिझेल संपलं, रस्ता चिखलात गेला, चालक आजारी पडला, तरी पावणेचारशे. छावणी शेवटी बंद झाली २००४ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत तिथे जन्मलेली पोरं मिसरूड फुटण्याच्या वयाला आली होती.

या सगळ्यात एक मृत्यूंचा आकडा मात्र नेमका आहे: सत्तेचाळीस. जुलै १९८९ मध्ये राजधानी मोगादिशूत सैनिकांनी इसाक पुरुषांना रातोरात घरांतून उचललं, शहराबाहेर जझीराच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि गोळ्या घातल्या. ते राजधानीत राहत होते, नोकऱ्या करत होते, त्यांची नावं शेजाऱ्यांना माहीत होती, शहरात परदेशी दूतावास होते. म्हणून सत्तेचाळीस. उत्तरेतल्या गुराख्याच्या वाट्याला ‘पन्नास हजार ते दोन लाख’ यांतली धूसर जागा आली. मेल्यावर मोजलं जाण्यासाठीही आधी कुणाच्या तरी नजरेत असावं लागतं.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे मोगादिशू सोडून पळाले. १८ मे १९९१ रोजी सोमालीलँडने १९६० ची एकी मोडून पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केलं. ३१ मे २००१ ला, हर्गेसावरच्या हल्ल्याच्या तेराव्या स्मृतिदिनी, सार्वमत घेतलं. ९७ टक्के मतं बाजूने पडली. तरीही जाहीरनाम्यानंतरची तीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला देश म्हणून मोजलं नाही. स्वतःचं चलन, स्वतःची पोलिस चौकी, स्वतःच्या निवडणुका, पण जगाच्या यादीत जागा रिकामी. संयुक्त राष्ट्रांसाठी क्रिस म्बुरू यांनी २००१ मध्ये अहवाल दिला. सोमाली सरकारने इसाकांविरुद्ध योजून वंशसंहार केला, असा त्याचा निष्कर्ष. पण खटला चालवणार कोण? सोमालियात सरकार कोसळलेलं, सोमालीलँडला कायद्याने अस्तित्व नव्हतं.

मग खटले चालले ते अमेरिकेत, तेही दिवाणी, पैशांचे. सियाद बारे यांचे संरक्षणमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोहम्मद अली समंतर व्हर्जिनियात येऊन राहिले होते. आपल्याला परदेशी राज्याच्या अधिकाऱ्याचं संरक्षण आहे, असा त्यांचा दावा. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निवाडा दिला की, ज्या कायद्याचा आधार ते घेतात तो माणसांना लागू नाही. २०१२ मध्ये सात फिर्यादींना दोन कोटी दहा लाख डॉलर्स द्यावेत असा निकाल झाला. म्हणजे माणशी तीस लाख. हाच दर दोन लाख माणसांना लावून पाहा. साठ हजार कोटी डॉलर्स होतात. असले गुणाकार करू नयेत हे कळतं, पण हात थांबत नाही.

दुसरा मासला युसूफ अब्दी अली यांचा. ‘तुके’ म्हणजे कावळा, या नावाने उत्तरेत ओळखले जाणारे लष्करी अधिकारी. तेही व्हर्जिनियात. २०१९ च्या मे महिन्यात ज्युरीने त्यांना एका गुराखी पोराच्या छळाबद्दल जबाबदार धरून पाच लाख डॉलर्स भरपाई ठोठावली. त्याच सुमारास पत्रकारांना ते सापडले होते गाडी चालवताना, भाड्याच्या अ‍ॅप-टॅक्सीवर. प्रवाशांनी त्यांना दिलेले गुण होते पाचापैकी ४.८९. दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यांच्या गाडीत पाच मैल बसलेल्या प्रत्येकाचं मत यंत्राने जपून ठेवलं, बेरीज केली, भागाकार केला.

सोमालीलँडची बाजू घेऊन लिहिणाऱ्यांना पुढची गोष्ट गैरसोयीची वाटते, पण ती टाळून हा हिशेब पुरा होत नाही. पूर्वेकडच्या लास आनोद शहराला, तिथल्या धुलबहांते कुळाला, हर्गेसाच्या सत्तेत राहायचं नव्हतं. सोमालियात राहायचं होतं. म्हणजे फुटून निघालेल्या मुलखातूनच फुटून निघू पाहणारा मुलूख. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे लढाई पेटली. सोमालीलँडच्या सैन्याने शहरावर तोफा डागल्या. घरं, शाळा, मशिदी, रुग्णालय, सगळ्यांवर गोळे पडले. अ‍ॅम्नेस्टीने एप्रिलपर्यंतचा आकडा दिला: शंभराहून जास्त मृत, सहाशेहून जास्त जखमी, दीड ते दोन लाख बेघर. हर्गेसाच्या मध्यवर्ती चौकात चौथऱ्यावर एक मिग विमान चढवून ठेवलेलं आहे, १९८८ चं स्मारक म्हणून. त्याच शहरातून लास आनोदवर तोफा डागायचे हुकूम सुटले.

हर्गेसातून एक कोरडी नदी वाहते, म्हणजे पाऊस आला तर वाहते. एरवी वाळू. मे १९९७ मध्ये पाऊस जोरात झाला आणि पात्रालगतच्या मल्को-दुरदुरो भागात काठ खचले. पाण्याबरोबर हाडं वर आली. लोक धावले, मग सरकारने युद्धगुन्ह्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. शोधता शोधता सामूहिक कबरींची संख्या दोनशेवर गेली. पुढे पेरू देशातले न्यायवैद्यक तज्ज्ञ आले. मायदेशातल्या वीस वर्षांच्या हिंसाचाराने त्यांना या कामाचा सराव दिलेला. ते ब्रशने माती झाडत, सांगाडा सुटा करत, कवटी, कंबर, मांडीचं हाड मोजत. हा पुरुष, ही बाई, हे मूल.

मल्को-दुरदुरोत वर आलेले बरेच सांगाडे एकमेकांना जोडलेले होते. मनगटाला मनगट, दोरीने बांधलेलं, दहा ते पंधरा जणांची एकेक माळ. बांधणाऱ्याने मोजलं होतं.